आधी तुम्ही, दादा

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. फक्त तोंडात चहाचा घोट असताना हसू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा शेजारच्या पाटलांचा पांढरा शर्ट गेला होता, आणि तो परत कधी पांढरा झाला नाही.

तर गोष्ट सुरतेची. आमच्या उधन्याची. वाय-टू-के म्हणून एक भानगड होती, आठवतंय? जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार म्हणून लोक घाबरले होते. त्याच सुमाराची. मी तेव्हा उधन्यात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायचो, आणि माझं लग्न काही केल्या जमत नव्हतं.

का जमत नव्हतं? रूप नव्हतं? नोकरी नव्हती? छे हो! सगळं होतं. धीर तेवढा नव्हता.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडिलांची सगळी हयात उधन्यात कापडाच्या लूमवर गेली. लूम थांबला की शेठ ओरडणार, त्यामुळे थांबणं म्हणजे काहीतरी पाप आहे हे मी पाळण्यातच शिकलो असणार. मी जिना उतरायचो नाही, गडगडत यायचो. आईने दुसरी भाकरी तव्यावर टाकेपर्यंत माझे हात धुऊन झालेले असायचे. आणि कोणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य कुठे चाललंय ते मला आधीच दिसायचं, मग मीच ते पुरं करून टाकायचो. तेवढाच बिचाऱ्याचा वेळ वाचला! आता त्याबद्दल कधी कोणी आभार मानले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

पहिलं स्थळ नवसारीचं. आम्ही जाऊन बसलो. आतून एक बाई पाण्याचे ग्लास घेऊन आली. दिसायला छान, चालण्यात अदब. म्हटलं, उगाच कशाला सगळ्यांना ताटकळत ठेवायचं? मी म्हणालो, "मला पसंत आहे!"

ती मुलीची वहिनी होती.

दुसरं स्थळ नंदुरबारचं. तिथे मुलीच्या आजोबांनी आपल्या घराण्याची हकीकत सुरू केली. पणजोबांपासून. मी बराच वेळ ऐकलं, देवाशप्पथ ऐकलं. ते आजोबांच्या वडिलांपर्यंत आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, मग पुढे तुम्ही जन्मलात." झालं! आम्हाला पोहेसुद्धा पूर्ण खाऊ दिले नाहीत.

आणि मग आलं उधन्यापलीकडच्या भेस्तानचं स्थळ. शोभाचं.

शोभाचे वडील एका मिलमध्ये, कापडाच्या घड्या घालतात त्या खात्यात, फोल्डिंग मास्तर होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना म्हणजे माझ्या अगदी उलट टोक. "पाहुणे, चहा घेणार का" एवढं विचारायला त्यांना इतका वेळ लागायचा, की तोवर चहा होऊन गार व्हावा. शोभा त्यांचीच लेक. ती बालवाडीत शिकवायची. बोलायची अगदी सावकाश, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखी. मध्ये थांबायची, जमिनीकडे बघायची, मग पुढचा शब्द. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणाच्या पुढच्या शब्दाची वाट बघावीशी वाटली. मुलगी मनात भरली होती हो! आतून घोडे उधळले होते, पण मी पायाचा अंगठा जमिनीत रुतवून गप्प बसलो. एक शब्द मधे टाकला नाही.

घरी आल्यावर आईने माझी दृष्ट काढली. मग दम भरला. आमच्या घरात अहिराणी चालते, आणि आईची अहिराणी रागात जास्त खुलते.

"आते तरी दम धर रे भो! हाई स्थळ गये तं मी तुले घरमा येऊ देवाव नही!"

मी म्हटलं, आई, या वेळी दगड होऊन बसतो बघ.

चार दिवसांनी नाना स्वतः आले. सायकल भिंतीला टेकवली, कुलूप लावलं, कुलूप ओढून पाहिलं, परत ओढून पाहिलं. मी दारात उभा राहून आतल्या आत जळत होतो. होकार की नकार? बोला की! शेवटी पाणी पिऊन, मिशी पुसून नाना म्हणाले, "आम्हाला... पसंत आहे. पण... सुधाकरचं... राहिलंय."

सुधाकर म्हणजे शोभाचा मोठा भाऊ. तो त्या वाय-टू-केच्या कामावर अमेरिकेत गेला होता. भेस्तानच्या त्यांच्या गल्लीतून परदेशी गेलेला पहिलाच मुलगा, त्यामुळे त्याच्या शब्दाबाहेर घरात पान हलायचं नाही. आता त्याला सुट्टी मिळत नव्हती, मुलगा बघायला येता येत नव्हतं. फोनवर बोलून घ्या म्हटलं, तर तो म्हणे फोनवर सगळेच गोड बोलतात. माणूस कळतो तो खेळताना. त्याच्या ऑफिसातले लोक इंटरनेटवर गोल्फ खेळायचे. एक जण इकडे, दुसरा हजारो मैलांवर, आणि स्क्रीनवर हिरवंगार मैदान. खाली एकमेकांना दोन शब्द लिहायचीही सोय. त्याने कळवलं, "मुलगा कॉम्प्युटरवाला आहे ना? मग रविवारी सकाळी माझ्याबरोबर खेळू द्या. मी काय ते बघून घेतो."

म्हणजे बघा! लोकांच्या पत्रिका जुळवतात, माझा गोल्फ जुळवणार होते.

मी गोल्फ कधी पाहिलासुद्धा नव्हता. पण आमच्या उधन्यात जिग्नेशभाईने नुकताच सायबर कॅफे काढला होता. प्लायवूडच्या चार केबिनी, दाराला पडदा, आणि इंटरनेट लागताना फोनच्या डब्यातून मांजरं भांडल्यासारखा आवाज. आठवडाभर संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी तिथेच. खेळ सोपा होता. चेंडू मारायचा, खड्ड्यात घालायचा. नियम एकच लक्षात ठेवायचा: ज्याचा चेंडू खड्ड्यापासून लांब, त्याने आधी मारायचं. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक घड्याळ. तुमची चाल आली की ते घड्याळ उलटं पळायला लागायचं. एका मिनिटात मारलं नाही तर चाल फुकट गेली, वर एक फटका तुमच्या नावावर चढला.

एक मिनिट! मला तर हे घड्याळ म्हणजे चेष्टाच वाटली. मी चाल आली रे आली की ठोकायचो. नेम? तो कशाला? नेम धरेपर्यंत दुसरा चेंडू मारून होतो! माझे निम्मे चेंडू तळ्यात आणि निम्मे झाडीत जायचे, पण वेळेवर जायचे.

छळ व्हायचा तो समोरच्यांचा. कुठल्या कुठल्या देशातले लोक, एकेक जण ते मिनिट शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढायचा. वारा बघायचा, दांडा बदलायचा, परत पहिला दांडा घ्यायचा. मी इकडे खुर्चीवर चुळबुळ करतोय, टेबल हलतंय, पलीकडच्या केबिनीतला माणूस "भूकंप?" म्हणून बाहेर येतोय! एका परदेशी आजोबांना तर मी शेवटी लिहून टाकलं, काका, मारा आता, आमच्याकडे संध्याकाळ झाली. ते खेळ सोडून निघून गेले. बहुतेक चिडले.

जिग्नेशभाई म्हणाला, "राजुभाई, गोल्फ तो शांतीनी गेम छे."

म्हटलं, तुझी शांती तुझ्यापाशी ठेव.

पण मनातून टरकलो होतो. रविवारी समोर होणारा मेव्हणा असणार. तिथे असं काही लिहिलं की शोभा गेली. आई म्हणालीच होती, दम धर. मग मी ठरवलं: रविवारी मी नाना होणार. साक्षात नाना!

रविवार उजाडला. आता मला वाटलं होतं, आपण एकटेच जाऊ, खेळू, येऊ. पण लग्नाची बोलणी म्हणजे आमच्याकडे बैठक, आणि बैठकीला मुलगा एकटा जातो का? घरचे वडीलधारे म्हणून आमचे मामा निघाले. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. भेस्तानहून नाना आले. त्यांनी सायकलीला कुलूप लावलं, तो सोहळा तुम्हाला माहीतच आहे. एका केबिनीत, जिथे एक माणूस जेमतेम बसायचा, तिथे आम्ही तिघं. मामांचा गुडघा माझ्या बरगडीत. जिग्नेशभाईने पडदा वर बांधून ठेवला, आणि शेजारून सगळ्यांसाठी लोचो, म्हणजे तो सुरतेचा लिबलिबीत ढोकळा, मागवला. बैठकच ती!

इंटरनेट लागलं. सुधाकरदादा आला. त्याने लिहिलं, "नमस्कार, सगळे बरे आहात ना?" इंग्रजी अक्षरांत मराठी. मी वाचून दाखवलं. नानांनी स्क्रीनला नमस्कार केला. मामांनीही केला.

पहिली चाल दादाची. त्याने मारली. चेंडू सुरेख उडाला आणि मैदानाच्या मधोमध जाऊन बसला. मग माझी चाल आली, घड्याळ सुरू झालं, आणि माझ्या बोटाने मला न विचारता माऊस दाबला!

चेंडू चार पावलांवर जाऊन गवतात पडला.

मामांनी कपाळाला हात लावला. माझ्या कानात म्हणाले, "काय करी राहिना रे! मोठा माणूस शे तो. तू असा धडाधडा हात चालाडशी का?"

 बरोबरच होतं ना! आईला दगड होतो असं सांगून आलो होतो, आणि पहिल्याच फटक्याला हा प्रकार. बाजूला नाना बसलेले, तिकडे दादा बघत असणार. मी हात माऊसवरून उचलला आणि मांडीखाली दाबून बसलो.

स्क्रीनवर परत माझंच नाव चमकायला लागलं. चेंडू माझाच लांब होता ना. घड्याळ पळू लागलं.

"मामा, चाल माझीच आहे."

"तुनी कशी? आत्ते तं तू मारं. आते त्यानी."

"कॉम्प्युटर म्हणतोय माझी."

मामांनी स्क्रीनकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ते हिशेबात गडबड करणाऱ्या कारकुनाकडे बघत. "कॉम्प्युटरले काय समजस, लहान कोन आनि मोठा कोन? त्याले लिख, आधी तुम्ही."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? नियम मला माहीत होता. आठवडाभर खेळलो होतो. पण एका बाजूला अमेरिकेतला नियम आणि दुसऱ्या बाजूला बरगडीत रुतलेला मामांचा गुडघा! शिवाय पंगतीत वडीलधाऱ्याने घास घेतल्याशिवाय आपण ताटाला हात लावतो का? नाही ना? मग! मला ते पटलंच एकदम. मी लिहिलं, "आधी तुम्ही, दादा."

तिकडून आलं, "नाही नाही, तुम्ही मारा."

मी लगेच माऊसकडे हात नेला. मामांनी हातावर चापट मारली.

"एकदाव म्हनं म्हनीसन लगेच खेळानं का? भुक्यासारखं? तीनदाव आग्रह व्हऊ दे!"

नानांनी मान हलवली. म्हणजे नानांनाही हेच वाटत होतं. जावई जेवायला बसला आणि पहिल्याच 'घ्या'ला त्याने पोळी घेतली, तर लोक काय म्हणतील? मी परत लिहिलं, "छे छे, तुम्ही मोठे. आधी तुम्ही."

तेवढ्यात टण्ण! मिनिट संपलं. चाल फुकट गेली. माझ्या नावावर एक फटका चढला.

आणि पुढे काय झालं असेल? कॉम्प्युटरने परत मलाच चाल दिली! देणारच. मी मारलंच नव्हतं, मग माझा चेंडू तिथेच गवतात, लांबच्या लांब. म्हणजे मी जोवर मारत नाही तोवर दादाची चाल यायची नाही, आणि दादाची चाल येत नाही तोवर मामा मला मारू देणार नाहीत. घ्या!

"राजुभाई, तमारो टाइम जाय छे!" जिग्नेशभाई मागून ओरडला. "मारो ने!"

"मधमा नको बोलू!" मामांनी त्याला गप्प केलं.

दादाने लिहिलं, "मारा ना, तुमचीच चाल आहे."

"दोनदाव व्हयनं," मामा बोट मोडत म्हणाले. "आजून एक."

तुम्हाला माझी अवस्था कळते आहे का? चाल आली की ठोकणारा माणूस मी! ते घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर उलटं धावतंय आणि माझे दोन्ही हात मांडीखाली. पाय थडथड उडत होते. प्लायवूड हलत होतं. लोचोची प्लेट सरकत सरकत टेबलाच्या कडेला आली आणि नानांनी ती शांतपणे, अगदी सावकाश, आत सरकवली. मला रडू येणार होतं. एक फटका! मला फक्त एक फटका मारू द्या हो!

टण्ण! दुसरी चाल गेली.

मग मी काय केलं असेल? चेहऱ्यावर हसू आणलं. एकदम शांत, तृप्त हसू, नानांसारखं. आणि लिहिलं, "काही घाई नाही, दादा. सावकाश होऊ द्या."

घड्याळ तिसऱ्यांदा पळू लागलं. मग तिकडून आलं, "बरं बरं. पण मारा."

"तीन व्हयनात!" मामा आनंदाने ओरडले. "आते मार!"

मी झडप घातली. मांडीखाली दाबून ठेवलेल्या हाताला मुंग्या आल्या होत्या. बोटं सरळ होईनात! माऊस टेबलावरून निसटला, खाली पडला, वायरीला लटकून झोके घ्यायला लागला. मी खाली वाकलो, माझं डोकं मामांच्या डोक्यावर आपटलं, मामांची टोपी लोचोत गेली, आणि टण्ण!

या वेळी नुसतं टण्ण होऊन थांबलं नाही. सगळं हिरवं मैदान नाहीसं झालं आणि एक करडी पाटी आली. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी होतं. जिग्नेशभाईने पुढे वाकून वाचलं आणि सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तमने काढी मूक्या!"

काढून टाकलं. मला. तीन चाली फुकट घालवल्या म्हणून, खेळातून बाहेर. होणाऱ्या सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत!

"काय व्हयनं?" मामांनी टोपी झटकत विचारलं.

कोण सांगणार? मी परत जोडायला गेलो तर फोनची लाइन एंगेज. परत लावलं, एंगेज. मांजरंसुद्धा भांडेनात. नाना उठले. सायकलीचं कुलूप काढलं. टांग मारायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं... कळवतो."

कळवतो! मुलीकडून 'कळवतो' म्हणजे काय असतं, हे दोन स्थळं घालवलेल्या माणसाला विचारा.

घरी आलो. आईने माझं तोंड बघितलं आणि चूल फुंकायला लागली. आमच्याकडे गॅस होता, तरी फुंकायला लागली. मी खोलीभर येरझाऱ्या घालत होतो. दादाला काय वाटलं असेल? हा मुलगा म्हणजे ठोंब्या! समोर चेंडू पडलाय, चाल याची आहे, आणि हा बसलाय ढिम्म. याला साधा फटका मारता येत नाही, हा संसार काय करणार? आणि शेवटी निरोपही न घेता उठून गेला! मंद म्हणाला असेल मला. मंद! मला!

ते काही मला सहन होईना. नकार द्या, हरकत नाही. पण मंद म्हणून? उधन्यात माझ्याइतका घायकुता माणूस दुसरा नाही, आणि मी मंद म्हणून नाकारला जाणार? आणि शोभालाही तसंच वाटणार?

"मी भेस्तानला जाऊन सांगून येतो," मी म्हणालो.

"पोऱ्याकडना लोक असा पयत जातस का कधी?" मामा ओरडले. "निरोप येऊ दे!"

पण मी तोवर जिन्यावरून गडगडून खाली पोचलो होतो. शटल रिक्षा भरायची वाट बघवेना म्हणून पांडेसऱ्यापर्यंत चालतच निघालो, मग पळालो, मग एका कापसाच्या टेम्पोवाल्याने मागे बसवलं. भेस्तानला पोचलो तेव्हा माझ्या केसांत कापसाचे पुंजके होते आणि एका चपलेचा अंगठा तुटला होता.

दार उघडंच होतं. नाना झोपाळ्यावर बसले होते, समोर टेलिफोन. शोभाची आई पाटावर गूळ फोडत होती. मला बघून नाना उठायला लागले. "पाहुणे... सुधाकरचा आत्ताच... फोन..."

"मला माहीत आहे काय म्हणाला ते!"

"तो म्हणाला... मुलगा फार..."

"मंद आहे! हेच ना? अहो नाना, साफ चूक आहे! मी मंद नाही हो! माझ्यासारखा उतावळा माणूस अख्ख्या उधन्यात मिळायचा नाही. विचारा कोणालाही! मला एक मिनिट धीर नाही. मी कोणाचं बोलणं पुरं होऊ देत नाही!"

"पाहुणे, जरा..."

"बघा, आत्तासुद्धा नाही होऊ दिलं! नवसारीला मी मुलीच्या वहिनीला पसंत केलं, मुलगी यायच्या आधी! नंदुरबारला मुलीच्या आजोबांचं बोलणं भर बैठकीत तोडलं! जेवायला बसलो की भाकरी चावत नाही, गिळतो! आज सकाळी तुम्ही जे बघितलं ना, ते सगळं नाटक होतं. आतून माझा जीव जात होता. हात मांडीखाली दाबून बसलो होतो मी. तो शांत मुलगा मी नव्हेच! दादांना सांगा, मी असा मुळीच नाही!"

एवढं बोलून माझा श्वास संपला.  शोभाच्या आईच्या हातात गुळाचा खडा तसाच होता. आता एक सांगा, नकार द्यायचा असताना कोणी गूळ फोडतं का? पण ते तेव्हा माझ्या डोक्यात यायला मी थांबलो असतो तर ना!

नाना परत झोपाळ्यावर बसले. त्यांनी आपलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून उचललं.

"...फार शांत आहे. असं म्हणाला. घड्याळ संपत आलं... तरी ढळला नाही. समोरच्याला... आधी तुम्ही, आधी तुम्ही करत राहिला. शेवटी... लाइन तुटली बिचाऱ्याची. असा मुलगा... शोधून मिळायचा नाही." नाना थांबले. "आणि आमच्या शोभाची... एकच अट होती. माझं बोलणं... पुरं ऐकून घेणारा पाहिजे."



म्हणजे होकार झाला होता! गूळ फुटला होता! मी घरी पाय पसरून पडून राहिलो असतो तरी संध्याकाळपर्यंत निरोप आला असता. आणि मी, मी स्वतः, तुटकी चप्पल फरफटवत इतक्या लांब येऊन, एकेक पुरावा देऊन, माझं लग्न मोडलं होतं. कोणी विचारलंसुद्धा नव्हतं!

आतल्या खोलीचा पडदा हलला. शोभा बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. हसू दाबलं होतं की राग, ते मात्र मला कळेना. ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. जमिनीकडे बघितलं. मी मनात म्हणालो, राजू, आता नाही. आता जीभ चावून मर, पण आता नाही.

"आता... चाल माझी आहे," ती म्हणाली.

मी मान हलवली. 

"खोटं ऐकून... घरच्यांनी होकार ठरवला होता." ती थांबली. मी थांबलो. घाम डोळ्यांत जात होता. "खरं आज... कळलं. मला... विचार करायला... वेळ..."

"घ्या!" मी दोन्ही हात जोडून ओरडलो. "घ्या, हवा तेवढा घ्या! काही घाई नाही! महिना घ्या, दोन महिने घ्या, मी थांबतो!"

शोभाने माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाली, "बरं," आणि पडद्याआड निघून गेली.

तो होळीचा सुमार होता. होकार आला दिवाळीला. मधला सगळा उन्हाळा आणि पावसाळा मी कसा काढला, ते आमच्या आईला विचारा. जिन्याचा कठडा मी हलवून हलवून सैल केला. मामा रोज येऊन नुसते माझ्याकडे बघायचे आणि चहा पिऊन जायचे.

लग्न झालं. दादा लग्नाला आला, त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "काय हो, आता आधी कोण?" सगळे हसले, मीही हसलो. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पुढे एकदा दोघंच चहा पीत बसलो होतो, तेव्हा मी शोभाला विचारलं, "त्या दिवशी मी मधेच बोललो. तुझं वाक्य राहिलं होतं का गं?"

ती म्हणाली, "हो."

"काय होतं?"

या वेळी मी थांबलो. खरंच थांबलो. तिने चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली.

"मला... विचार करायला... वेळ नकोय. माणूस खरं बोलला. माझा... होकार आहे."

"मग म्हणाली का नाहीस? दिवाळीपर्यंत जीव जात होता माझा!"

"तुम्ही हात जोडून... घ्या, घ्या म्हणालात," शोभा म्हणाली. "एवढा आग्रह... कोण मोडणार?"